नामनिर्देशपूर्वक दोषारोप : वाचिक हिंसा की लोकहित ?

एखाद्या मनुष्याचे नाव घेऊन त्याचा दोष छापून प्रसिद्ध करणे हे कर्म धर्म्य की अधर्म्य, हा प्रश्न वरवर पाहता वृत्तपत्रांचा आणि वकिलांचा वाटतो. वस्तुतः तो वाणीच्या आचाराचा प्रश्न आहे. परमार्गात हिंसा कायिक, वाचिक आणि मानसिक अशी त्रिविध मानिली आहे. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जो भिक्षुक भूमी न्याहाळून पाऊल टाकतो, त्याने लेखणी टेकविताना तितकीच भूमी न्याहाळिली पाहिजे, हे ओघानेच येते. उलटपक्षी, अन्याय डोळ्यांनी दिसत असता मुखस्तंभ होऊन बसणे हीही अहिंसा नव्हे. या दोन टोकांमध्ये साधकाने, ग्रंथकाराने आणि संपादकाने कोठे उभे राहावे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

नाशिकसारख्या क्षेत्री हा प्रश्न नित्याचा आहे. गोदेच्या दोन्ही तीरांवर देवस्थाने, मठ, आश्रम, धर्मशाळा आणि अन्नछत्रे आहेत. प्रत्येकाच्या पाठीशी विश्वस्त मंडळ, जमिनीचे उतारे, देणग्यांच्या पावत्या आणि जमाखर्चाच्या वह्या आहेत. जेथे द्रव्य आणि श्रद्धा एकत्र नांदतात तेथे क्वचित अपहारही होतो आणि अपहाराचा संशय तर पुष्कळदा उद्भवतो. मग एखाद्या नियतकालिकाच्या संपादकाकडे पत्र येते की अमुक विश्वस्ताने अमुक शेतजमीन परस्पर विकली, अमुक महंताने शिष्याला लुबाडले. हे खरे आहे, सर्वांना ठाऊक आहे, आपण फक्त छापावे. पत्राखाली कधी सही असते, कधी ‘एक सद्भक्त’ एवढेच असते. या क्षणी संपादकाच्या हाती एका मनुष्याची अब्रू असते आणि कदाचित एका समुदायाचे हितही असते. त्याने काय करावे ?

पूर्वपक्ष

पहिला पूर्वपक्ष असा. परदोषाचा उच्चार हीच निंदा होय, आणि निंदा सर्वथा त्याज्य होय. दोष खरा असला तरी तो सांगणाऱ्याचे चित्त मलिन होते, ऐकणाऱ्याच्या ठिकाणी विकल्प उत्पन्न होतो आणि ज्याचा दोष सांगितला तो सुधारण्याऐवजी हट्टास पेटतो. जीवाच्या कर्माचे फळ त्यास यथाकाल मिळणारच आहे. ते देण्याची घाई इतर जीवांनी करू नये. सबब मौन हेच श्रेयस्कर.

दुसरा पूर्वपक्ष याच्या अगदी विरुद्ध. सत्य सांगण्यास भय कसले ? दोष झाकल्याने दोषी मनुष्य निर्ढावतो आणि भोळे लोक त्याच्या जाळ्यात नव्याने सापडतात. हेतू शुद्ध असेल, लोकांचे कल्याण इच्छिले असेल, तर नाव घेऊन लिहावे. चुकले तर हेतू शुद्ध होता एवढे समाधान पुरे आहे.

दोन्ही पक्षांत सत्याचा अंश आहे, आणि दोन्ही पक्ष जसेच्या तसे स्वीकारिल्यास अनर्थ होतो. महाराष्ट्राच्या एकोणिसाव्या शतकातील दोन प्रकरणे याची साक्ष देतात. पहिले प्रकरण शुद्ध हेतूची मर्यादा दाखविते, दुसरे मौनाची.

कोल्हापूरचे प्रकरण

जानेवारी १८८१ मध्ये पुण्यास ‘मराठा’ व ‘केसरी’ ही पत्रे निघाली. बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे त्यांचे तरुण धुरीण होत. दोघेही तेव्हा पंचविशीच्या आसपास होते. बुद्धी तीव्र, स्वार्थ शून्य आणि लोककल्याणाची तळमळ खरी. त्या सुमारास कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आलेले तरुण छत्रपती शिवाजी महाराज यांच्या प्रकृतीविषयी व त्यांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी सर्वत्र चिंता होती. महाराजांस वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे आणि संस्थानचे कारभारी राव बहादूर माधवराव बर्वे यांचा त्यात हात आहे, अशी वदंता होती. बर्वे यांनी लिहिलेली म्हणून काही पत्रे पुढे आली. १८८१ च्या अखेरीस या दोन्ही पत्रांनी त्यांच्या आधारे कारभाऱ्यांवर नाव घेऊन घणाघाती टीका केली.

बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. आधार सुटल्यावर संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली. परंतु शब्द छापून गेला होता आणि दिलगिरीने खटला संपला नाही. जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांस प्रत्येकी चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून २६ ऑक्टोबर १८८२ रोजी ते सुटले. त्या दिवसांचे वर्णन आगरकरांनी पुढे स्वतंत्र पुस्तकात केले. खटला चालू असता जोतीराव फुले यांच्या पुढाकाराने रामशेठ उरवणे यांनी दहा हजार रुपयांचा जामीन दिला होता, हेही येथे स्मरणीय आहे. मतभेद असूनही संकटात हात देणे हा वाणीच्या आचाराचाच दुसरा भाग होय.

या प्रकरणाची सार्वजनिक आठवण बहुधा सुटकेच्या जयजयकारापाशी थांबते. धर्मविचाराने मात्र एक पाऊल पुढे गेले पाहिजे. पुढे २५ डिसेंबर १८८३ रोजी ते तरुण महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात, त्यांच्यावर ठेवलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मरण पावले. म्हणजे महाराजांविषयीची चिंता पोकळ नव्हती. संपादकांची तळमळ खरी आणि चिंतेचा विषयही खरा. तरीसुद्धा एका मनुष्याविरुद्ध त्यांनी वापरलेले साधन खोटे होते. चिंता खरी असल्याने प्रमाण खरे होत नाही. ‘कोठेतरी अन्याय होत आहे’ हे ज्ञान एक, आणि ‘तो अमुक मनुष्याने केला’ हे ज्ञान दुसरे. पहिल्याच्या बळावर दुसरे छापणे हाच या जातीच्या सर्व अपराधांचा मूळ दोष आहे. दुसऱ्या पूर्वपक्षाचा अभिमान, म्हणजे हेतुशुद्धी, येथे संपूर्ण होती आणि ती अपुरी पडली.

महाराज प्रकरण

दुसरे प्रकरण याच्या वीस वर्षे आधीचे, मुंबईतले आहे. ते सांगण्याचा हेतू कोणत्याही संप्रदायाची निंदा करण्याचा नाही. दोष व्यक्तीचा असतो, मार्गाचा नसतो. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी हे स्वतः वैष्णव वळणाचे गृहस्थ होते. २१ ऑक्टोबर १८६० रोजी त्यांनी आपल्याच संप्रदायातील काही महाराजांच्या आचरणाविषयी गंभीर आरोप करणारा लेख लिहिला आणि त्यात जदुनाथजी महाराज यांचे नाव घेतले. महाराजांनी पन्नास हजार रुपयांच्या नुकसानीचा दावा लाविला. १८६२ च्या जानेवारीत मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात सुनावणी सुरू झाली.

या खटल्यातील बोधाचा भाग असा की, सुनावणीपूर्वीच जातीतील प्रतिष्ठितांनी एकत्र येऊन महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये असा बंदोबस्त करण्याचा यत्न केला. त्याबद्दल १८६१ मध्ये त्यांच्यावर वेगळा खटला होऊन त्यांना दंड झाला. म्हणजे मौन येथे सद्गुण म्हणून आले नव्हते. दोष झाकण्याचे साधन म्हणून ते लादले जात होते. तरीही साक्षी उभे राहिले. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी वैद्य या नात्याने जे प्रत्यक्ष जाणले होते ते न्यायासनापुढे सांगितले. एप्रिल १८६२ मध्ये निकाल लागला आणि लेखातील मुख्य आरोप सत्य असल्याचा करसनदास यांचा बचाव मान्य झाला.

दोन्ही संपादक निर्भय होते, दोघांचेही हेतू चांगले होते. एकाचे शब्द न्यायासनापुढे टिकले, दुसऱ्याचे टिकले नाहीत. अंतर कोठे पडले ? एकापाशी ज्यांनी स्वतः पाहिले व जाणले असे साक्षी होते. दुसऱ्यापाशी कागद होते, आणि तो कागद कोणाच्या हातचा याची परीक्षा झालेली नव्हती. धैर्य दोघांत समान होते, प्रमाण समान नव्हते.

मार्गाचा स्वतःचा अनुभव

महानुभावांस हा विषय परका नाही. पडताळा न पाहता केलेल्या दोषारोपाचे फळ या मार्गाने कित्येक शतके भोगिले आहे. मराठी भाषेत ‘मानभावी’ हा शब्द वरून साळसूद व आतून कपटी अशा मनुष्यास लावितात. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण ज्यांनी कधी महानुभाव पाहिलाही नाही अशांच्या तोंडी बसली. मार्गाच्या उत्पत्तीविषयी कृष्णभट्टाची एक विपरीत दंतकथा पसरली. रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतातील जातीजमातींविषयीच्या १९१६ च्या इंग्रजी ग्रंथात ती दंतकथाही शिरली आणि ही म्हणही शिरली. ज्याने सांगितले त्याने दुसऱ्याकडून ऐकले होते, त्याने तिसऱ्याकडून. छापले गेल्यावर मात्र तेच ‘ग्रंथाधारे’ ठरले.

येथे स्वपक्षाकडेही पाहणे न्याय्य होईल. मार्गाचे ग्रंथ सकळ, सुंदरी आदी सांकेतिक लिपींत बंद होते. ते बाहेरच्यांस वाचता येत नव्हते, आणि जेथे ग्रंथ वाचता येत नाही तेथे वदंता हाच ग्रंथ होतो. इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी लिपीचा उलगडा केल्यावर आणि लीळाचरित्र, सूत्रपाठ, दृष्टान्तपाठ हे ग्रंथ छापून लोकांपुढे आल्यावर विद्वानांचे मत पालटले. अपकीर्तीचे खरे औषध प्रकाश हे होय, एवढे यातून निष्पन्न होते. परंतु विद्वानांचे मत पालटले तरी शब्दकोशातील शब्द तसाच राहिला. समुदायाविषयी मोघम बोललेल्या अशा शब्दाची दाद सहसा कोणत्याही न्यायालयात मिळत नाही, कारण न्यायालय निश्चित ओळखता येईल अशा व्यक्तीची वा संघाची फिर्याद ऐकते. समुदाय तो घाव शतकानुशतके वाटून घेतो. एका मनुष्याला मात्र तो घाव एकट्याने आणि एकाच आयुष्यात सोसावा लागतो. ज्यांनी हे भोगिले त्यांच्या नियतकालिकाने तरी ऐकीव दोष कोणाच्याही नावावर छापू नये.

पैठणच्या सभेची हकीकत पंथात सर्वश्रुत आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींवर आरोप ठेवणारी ती सभा निर्णय आधी करून मग बसलेली होती. सभेत बसलेल्या काही विद्वानांनी हा अन्याय आहे असे सांगून सभेतून उठणे पत्करिले, असे परंपरा सांगते. पुष्कळांनी आरोप केला म्हणून आरोप सिद्ध होत नाही, हे ज्यांस कळले ते उठले. ज्याच्याविषयी बोलावयाचे त्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वी जी सभा निकाल देते ती सभा नव्हे; आणि तसे करणारे पत्र हे पत्र नव्हे.

व्यवहारशास्त्र काय म्हणते

या विषयात आजचा कायदा काय सांगतो हेही पाहिले पाहिजे, कारण बारकाईने पाहता तो धर्मविचाराच्या फार जवळ येतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील ४९९ व ५०० ही कलमे दीडशेहून अधिक वर्षे लागू होती. १ जुलै २०२४ पासून त्यांच्या जागी भारतीय न्याय संहितेचे ३५६ वे कलम आले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, अथवा समाजसेवा अशी आहे. अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हा असावा की नसावा, या वादात सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१६ रोजी सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर निर्णय देऊन ही तरतूद घटनासंमत ठरविली. मनुष्याची कीर्ती हा त्याच्या जीविताच्या हक्काचाच अंश आहे अशी त्यामागील भूमिका आहे. याखेरीज नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा करता येतो. तो प्रसिद्धीपासून एक वर्षाच्या आत आणावा लागतो.

लेखकांच्या मनात याविषयी काही भ्रम रूढ आहेत. ‘खरे आहे ना, मग झाले’ हा पहिला भ्रम. दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव होतो. फौजदारी खटल्यात मात्र आरोप खरा असून भागत नाही. तो प्रसिद्ध करणे लोकहितासाठी आवश्यक होते हेही दाखवावे लागते. ‘मी म्हणत नाही, लोक म्हणतात’ हा दुसरा भ्रम. वदंता वदंता म्हणून छापली तरी ती छापणाराच तिचा प्रकाशक होतो, आणि हातातील फोनवर आलेला मजकूर पुढे धाडणाराही. ‘नाव घेतले नाही’ हा तिसरा. गाव, आश्रम, पद आणि प्रसंग सांगितल्यावर ओळख पटत असेल तर नाव घेतल्यासारखेच आहे. व्याजस्तुतीने किंवा वक्रोक्तीने केलेला आरोपही आरोपच होय. ‘मनुष्य वारला, आता कोण विचारतो’ हा चौथा. जिवंत असता ज्याने त्याची अपकीर्ती झाली असती आणि ज्याने त्याच्या आप्तांची मने दुखवावीत असा हेतू आहे, ते मृताविषयी लिहिले तरी गुन्हा घडतो.

कायद्याने अपवादही सांगितले आहेत, आणि त्यांतील ‘सद्भाव’ या शब्दाची व्याख्या प्रत्येक संपादकाने मनात कोरून ठेवावी अशी आहे. यथायोग्य काळजी व अवधान न ठेवता जे केले ते सद्भावाने केले असे कायदा मानीत नाही. म्हणजे कायद्याचा सद्भाव ही केवळ अंतःकरणाची स्थिती नव्हे. ते एक कर्म आहे. कागद तपासला का, साक्षीदारास विचारले का, ज्याच्यावर आरोप त्याचे म्हणणे मागविले का, या प्रश्नांच्या उत्तरात सद्भाव राहतो. केवळ मन शुद्ध म्हणून आचार शुद्ध होत नाही, हे आचारशास्त्र शिकलेल्यास नव्याने सांगावयास नको.

अनुबंधचतुष्टयाची कसोटी

ग्रंथारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे चार अनुबंध पाहण्याची शास्त्रकारांची रीत आहे. दोषारोपाचा लेख हाही एक ग्रंथच होय. हेच चार अनुबंध त्यास लाविले असता प्रश्नाची उकल होते.

विषय. नेमका कोणता दोष, आणि तो कोणत्या प्रमाणाने ज्ञात झाला ? दृष्टान्तपाठातील हत्तीचा दृष्टान्त सर्वांस परिचित आहे. जन्मांधांपैकी ज्याच्या हाती जो अवयव आला तेवढाच त्याला हत्ती वाटला. कोणीही असत्य बोलत नव्हता. प्रत्येकाने स्पर्शाने जाणले तेच सांगितले. दोष होता तो एका अवयवाच्या ज्ञानावर संपूर्ण हत्तीचा निश्चय करण्यात. ‘विश्वस्ताने जमीन विकली’ हे उताऱ्यावरून कळू शकते. ‘विश्वस्ताने पैसे खाल्ले’ हे उताऱ्यावरून कळत नाही. जेवढे प्रमाणाने कळले तेवढेच लिहावे, अनुमान असल्यास अनुमान म्हणून लिहावे, आणि जे कळलेच नाही ते लिहू नये.

या बाबतीत म्हाइंभटांची रीत आदर्श आहे. लीळा संग्रहित करताना ज्याने ती पाहिली वा ऐकिली त्याच्याकडे जाऊन त्यांनी ती मिळविली आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेतली. एकाच लीळेचे सांगणे भिन्न आढळल्यास ते ज्याच्या त्याच्या नावाने नोंदविण्याची पद्धत पोथ्यांतून दिसते. जे स्वामींच्या स्तुतीसाठी लिहावयाचे त्याविषयी इतकी दक्षता. मग जे कोणाच्या अपकीर्तीसाठी लिहावयाचे त्याविषयी किती असावी!

प्रयोजन. दोष सांगून काय साधावयाचे आहे ? वैद्य व्रण उघडा करितो तो धुण्यासाठी. चव्हाट्यावर दाखविण्यासाठी नव्हे. लेख प्रसिद्ध झाल्याने कोणाचे संरक्षण होणार आहे, कोणाची लूट थांबणार आहे, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर प्रयोजन लोकहित नाही असे समजावे. जुने वैर, गादीचा वाद, शिष्यपरंपरेची चढाओढ हीसुद्धा लोकहिताचे वस्त्र नेसून येतात. ते वस्त्र ओळखण्याची सोपी खूण अशी की, दोष नाहीसा झाला तर लिहिणाऱ्यास आनंद होईल की निराशा, हे त्याने स्वतःस विचारावे.

संबंध. त्या प्रयोजनाशी नाव घेण्याचा संबंध काय ? पावती न देता देणगी घेण्याची रीत वाईट आहे हे लोकांस कळावयाचे असेल, तर रीतीविषयी लिहिल्याने काम होते. नावाची गरज पडत नाही. परंतु एखादा मनुष्य अजूनही त्याच पदावर बसून नव्या लोकांस फसवीत असेल, तर नावावाचून सावधगिरी देता येत नाही. नाव हे लेखाचे अलंकरण नव्हे. ते शस्त्र आहे, आणि शस्त्र इतर उपाय खुंटल्यावरच उचलावे.

अधिकारी. हा दोष ऐकण्याचा अधिकार कोणास आहे ? चौथा अनुबंध बहुधा विसरला जातो आणि तोच अत्यंत महत्त्वाचा आहे. शिष्याचा दोष गुरूस सांगावा, आश्रमातील दोष महंतांस सांगावा. हा मार्गाचा जुना शिरस्ता आहे. दोष सांगणे हे जर औषध असेल, तर ते ज्याच्या हाती उपाय आहे त्याच्या हाती पडले पाहिजे. कायद्यानेही असाच एक अपवाद केला आहे : ज्यास त्या मनुष्यावर कायदेशीर अधिकार आहे त्याच्यापुढे सद्भावाने केलेली तक्रार ही अब्रुनुकसानी होत नाही. विश्वस्ताविषयी शंका असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार करता येते. नाशिक येथेच त्या खात्याचे कार्यालय आहे. फौजदारी स्वरूपाचे कृत्य असेल तर पोलीस ठाणे आहे. तेथे वह्या मागविता येतात, जबाब घेता येतात, जे संपादकाच्या हाती नाही ते सर्व करता येते. मग प्रकरण न्यायालयापुढे गेले तर तेथील कामकाजाचा यथातथ्य वृत्तांत प्रसिद्ध करण्यास प्रत्यवाय राहत नाही. जो मनुष्य अधिकाऱ्यापुढे सही करून तक्रार देण्यास कचरतो आणि तीच गोष्ट दुसऱ्याच्या छापखान्यातून जगास सांगावी म्हणतो, त्याच्या पत्राविषयी संपादकाने सावध असावे.

पीडिताची वाणी

येथे एक आक्षेप उद्भवतो आणि तो गंभीर आहे. ज्याच्याकडे तक्रार न्यावयाची तोच दोषी असेल तर ? ज्या स्त्रीवर, ज्या अनाथ शिष्यावर अन्याय झाला त्याच्यापाशी कागद नाही, साक्षीदार नाही. त्याने ‘निंदा करू नये’ या उपदेशाखाली दडपून जावे काय?

मुळीच नाही. येथे पहिला अनुबंधच वेगळा होतो. जो स्वतः सोसले ते सांगतो त्याचे ज्ञान प्रत्यक्ष आहे, ऐकीव नव्हे. आणि प्रत्यक्ष सांगणे ही निंदा नव्हे, ती साक्ष होय. दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी पत्रकार प्रिया रमाणी यांना माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांच्या अब्रुनुकसानीच्या फिर्यादीतून निर्दोष मुक्त केले. स्त्रीच्या आत्मसन्मानाचा बळी देऊन कोणाच्या कीर्तीचे रक्षण करता येणार नाही, आणि अनेक वर्षांनंतरही तिला आपले गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. धर्मविचारही येथे याहून वेगळे सांगत नाही. निंदानिषेधाचा उपदेश हा बोलणाऱ्याच्या जिभेस लगाम घालण्यासाठी आहे. सोसणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवण्यासाठी नव्हे. मठाची अब्रू राखण्यासाठी एखाद्या तपस्विनीस गप्प बसविणे ही वाचिक हिंसेहून मोठी हिंसा आहे, आणि तिला अहिंसेचे नाव देणे हा त्यावरील दुसरा अपराध होय. पहिला पूर्वपक्ष येथे पूर्णतः खंडित होतो.

तथापि साक्ष देणाऱ्याचा धर्म एक आणि ती छापणाऱ्याचा दुसरा. साक्षीदाराने पाहिले ते सांगावे. प्रकाशकाने मात्र ते पडताळावे, आरोपितास उत्तर देण्यास अवधी द्यावा आणि ते उत्तर त्याच पानावर, त्याच टाइपात छापावे. पीडिताविषयीची करुणा ही पडताळणीच्या जागी ठेवता येत नाही. ठेवली तर एखाद्या दिवशी बनावट पत्राने सगळा डोलारा कोसळतो आणि खऱ्या पीडितावरचाही लोकांचा विश्वास उडतो. म्हणून पडताळणी ही पीडिताच्याच पक्षाची गोष्ट आहे.

चूक झाल्यावर

इतके करूनही चूक होते. अशा वेळी प्रायश्चित्त हा मार्ग आहे आणि त्याचेही नियम आहेत. आरोप पहिल्या पानावर आणि दुरुस्ती शेवटच्या पानाच्या तळाशी, असे प्रायश्चित्त हे प्रायश्चित्त नव्हे. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ असे संशयित वाक्य लिहिणे म्हणजे चूक नाकारणे होय. काय छापले, त्यातील काय असत्य होते आणि ते मागे घेतले आहे, एवढे स्वच्छ शब्दांत लिहावे. कोल्हापूर प्रकरणात दिलगिरी आली ती कागद बनावट ठरल्यावर. चुकीची जाणीव शिक्षेच्या भयापूर्वी होईल तर ती प्रायश्चित्त ठरते. नंतर होईल तर तो केवळ बचाव ठरतो.

निष्कर्ष

सारांश, नाव घेऊन दोष सांगणे हे कर्म स्वरूपतः निषिद्धही नाही आणि स्वरूपतः पुण्यही नाही. प्रमाणाने ज्ञात झालेला विषय, रक्षणाचे प्रयोजन, नावाचा त्याच्याशी अनिवार्य संबंध आणि योग्य अधिकाऱ्याकडे आधी नेलेली तक्रार, या चारही गोष्टी असतील तर लिहिणे कर्तव्य ठरते, आणि मग खटल्याच्या भयाने न लिहिणे हा भ्याडपणा होय. यांपैकी एकही उणी असेल तर ती पूर्ण होईपर्यंत थांबणे हेच कर्तव्य, आणि मग वाहवेच्या लोभाने लिहिणे ही हिंसा होय. कायदा दोन वर्षांच्या कैदेचे भय दाखवितो. परंतु साधकास खरे भय त्याचे नाही. तुरुंगातून १०१ दिवसांनी सुटता येते. निरपराध मनुष्याच्या नावाला एकदा चिकटलेला शब्द मात्र त्याच्या मागे चालत राहतो, त्याच्या मुलाबाळांच्या मागे चालतो, आणि कधी कधी तर भाषेतच घर करून बसतो. ज्या मार्गाचे नावच एका अशा शब्दात अडकून पडले, त्या मार्गाच्या लेखकास हे दुसऱ्या कोणी सांगावे लागू नये.